सात मिनिटांच्या चित्रांचे दीर्घायुष्य

‘कार्टून’ हा शब्द मराठीत आला तो जरा अडचणीच्या जागी येऊन बसला. त्याच्या शेजारी ‘कार्टे’ हा आपला जुना, घरगुती आणि दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा शब्द आधीपासून ठाण मांडून होता. त्यामुळे कार्टून म्हणजे कार्ट्यांनी पाहावयाची वस्तू, शहाण्यासुरत्या माणसांचा तिच्याशी संबंध नाही, अशी समजूत सहज रूढ झाली. पुढे तर एखाद्या विक्षिप्त माणसाला ‘अगदी कार्टून आहे’ म्हणण्याचीही रीत पडली. अशा विषयावर व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे काही श्रोत्यांना चुकल्यासारखे वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु विषय दिसतो तितका पोरकट नाही.

प्रश्न असा आहे. अमेरिकेत १९४० ते १९५८ या काळात एका मांजराची आणि एका उंदराची शंभरावर छोटी चित्रे निघाली. प्रत्येकाची लांबी साधारण सात मिनिटे. ज्यांनी ती काढली ते आज हयात नाहीत, ज्या शाळिग्रामासारख्या जड यंत्रांवर ती दाखवीत ती यंत्रे भंगारात गेली, ज्या चित्रपटगृहांसाठी ती काढली त्यांतील कितीतरी बंद पडली. आणि तरीही लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात आज एखादे चार वर्षांचे मूल मोबाईलवर तेच मांजर, तोच उंदीर पाहात जेवते. आणि ते पाहिल्याखेरीज जेवत नाही, ही त्याच्या आईची तक्रार असते. त्याच काळातील आपले गाजलेले बोलपट त्या मुलापुढे लावून पाहा. दोन मिनिटांत ते उठून जाईल. मग या सात मिनिटांतच असे काय आहे?

‘मुलांना मारामारी आवडते’ हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. ते पुरेसे नाही. मारामारी आजच्या शेकडो मालिकांत आहे आणि त्या वर्ष-दोन वर्षांत विस्मरणात जातात. उत्तर शोधावयाचे तर ही चित्रे तयार कशी होत, तिकडे वळले पाहिजे.

चित्रपटाची फीत एका सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने डोळ्यांपुढून जाते, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. माणसांचा चित्रपट असेल तर या चौकटी कॅमेरा आपोआप टिपतो. कार्टूनमध्ये प्रत्येक हालचाल हाताने काढावी लागते. एक चित्र दोन चौकटींना पुरवावे असा पुष्कळदा प्रघात असे. म्हणजे सेकंदाला बारा चित्रे, मिनिटाला सातशे वीस, आणि सात मिनिटांना पाच हजारांवर. आणि हा हिशेब एकाच पात्राचा. पडद्यावर दोन पात्रे झगडत असली तर काम त्या मानाने वाढले. पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर रंगवीत आणि पार्श्वभूमीचे एकच चित्र त्यांच्याखाली ठेवीत. ही पत्र्यांची युक्ती १९१४ च्या सुमारास निघाली, नाहीतर मागचे घर आणि झाडसुद्धा पाच हजार वेळा काढण्याची पाळी आली असती.

या पद्धतीचा एक परिणाम सहसा कोणी ध्यानात घेत नाही. माणसांच्या चित्रपटात पुष्कळ गोष्टी योगायोगाने येतात. वारा सुटतो, पदर उडतो, मागून एक कुत्रे जाते; दिग्दर्शकाने त्या आणलेल्या नसतात. कार्टूनमध्ये योगायोग नाही. मांजराच्या मिशीचा एक केस थरथरला तर तो कोणीतरी थरथरविलेला असतो. उडी मारण्यापूर्वी ते किती खाली दबेल, उडी मारताना अंग किती लांबेल, भिंतीवर आपटल्यावर पापडासारखे किती चपटे होईल आणि किती चौकटींनंतर पुन्हा फुगेल, हे सारे आधी ठरवून, कागदावर मांडून काढलेले असते. धावत धावत कड्याच्या पलीकडे गेलेले पात्र ताबडतोब पडत नाही. आधी ते हवेतच थांबते, खाली पाहाते, मग आपल्याकडे पाहाते, आणि मग पडते. हा थांबा किती चौकटींचा असावा यावर हसू अवलंबून असते. चार चौकटी कमी झाल्या तर प्रेक्षकाला कळत नाही, चार जास्त झाल्या तर त्याचे हसू आधीच येऊन जाते. तमाशातला सोंगाड्या किंवा चांगला कीर्तनकार ही वेळ अनुभवाने साधतो. या मंडळींनी ती मोजून साधली.

संगीताचेही तसेच. मांजर-उंदराच्या चित्रांना स्कॉट ब्रॅडली नावाच्या गृहस्थांचे संगीत असे, आणि ते पूर्ण वाद्यवृंदावर वाजविले जाई. पाऊल पडले की सूर पडतो, जिना उतरला की सूर उतरतात. १९४७ साली निघालेल्या ‘द कॅट कॉन्सर्टो’ या चित्रात मांजर अंगरखा घालून रंगमंचावर येते, पियानोपुढे बसते आणि लिस्ट या हंगेरियन संगीतकाराची एक अवघड रचना वाजवू लागते. उंदीर पियानोच्या आत झोपलेला असतो. त्याची झोपमोड होते. पुढचे भांडण त्या रचनेच्या तालावर, एकही मात्रा न चुकवता होते. शेवटी मांजर थकून कोसळते आणि टाळ्या उंदीर घेतो. संवाद नाही. ज्याला इंग्रजीचे अक्षर येत नाही आणि ज्याने लिस्टचे नाव ऐकलेले नाही, त्याला यात काहीही कमी पडत नाही. या चित्राला ऑस्कर मिळाले. या मालिकेला अशी एकूण सात मिळाली.

आणखी एक गोष्ट. ही चित्रे मुलांसाठी काढलेलीच नव्हती! ती मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवीत, आणि चित्रपटगृहात बसलेली मंडळी थोरली असत. त्यामुळे काढणारांना मोठ्या माणसांना हसवावयाचे होते. मुलांसाठी म्हणून मुद्दाम लिहिलेले साहित्य पुष्कळदा बेचव का होते, आणि इसापाच्या गोष्टी, ज्या थोरांसाठी सांगितल्या, त्या मुलांच्या का होऊन बसतात, याचा विचार येथे करण्याजोगा आहे. आजोबा आणि नातू एकाच वेळी, वेगवेगळ्या कारणांनी हसतात असे चित्र एरव्ही फारसे सापडत नाही.

१९५७ साली हे मांजर-उंदराचे चित्रगृह मालकांनी बंद केले. कारण मोठे नमुनेदार आहे. हिशेबनिसांनी असे पाहिले की, जुनीच चित्रे पुन्हा चित्रपटगृहांत लावली तरी नव्या चित्रांइतकेच, जवळजवळ तेवढेच, उत्पन्न येते. मग नव्यावर खर्च कशाला? जुन्याच्या गुणानेच नव्याचा गळा कापला गेला. ज्या दोघांनी ही चित्रे दिग्दर्शित केली होती ते हॅना आणि बार्बेरा दूरदर्शनकडे वळले, आणि तेथे पैसा थोडा म्हणून चित्रांची संख्या उतरली. त्यांच्या १९५८ सालच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का, याचे कारण ठाऊक आहे काय? कॉलरच्या वरचे डोके तेवढे हलवावयाचे आणि धड एकाच चित्रावर भागवावयाचे. जोड कॉलरमुळे झाकला जातो. युक्ती हुशारीची खरी, पण पाहाणाऱ्याच्या डोळ्याला, कारण न कळताही, फरक कळतो. जुन्या चित्रांकडे लोक पुन्हा पुन्हा का वळतात याचे निम्मे उत्तर त्या कॉलरमध्ये आहे.

उरलेले निम्मे उत्तर घरात आहे.

चित्रपटगृहात कार्टून एकदा पाहावयाचे आणि घरी जावयाचे. ते पुन्हा केव्हा येईल हे मालकाच्या हाती. वॉल्ट डिस्ने यांची कंपनी तर आपले मोठे चित्रपट काही वर्षे मुद्दाम कपाटात ठेवी आणि मुलांची नवी पिढी आली की पुन्हा बाहेर काढी. १९७५ साली सोनी कंपनीने घरी चित्रमुद्रण करण्याचे बीटामॅक्स यंत्र बाजारात आणले, १९७६ साली जपानच्याच दुसऱ्या एका कंपनीने व्हीएचएस आणले. आणि त्याच वर्षी डिस्ने व युनिव्हर्सल या कंपन्या सोनीविरुद्ध न्यायालयात गेल्या. घरोघर फिती झाल्या तर आमच्या चित्रपटांना कोण येणार, ही त्यांची धास्ती. आठ वर्षे खटला चालला. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, घरी पुढे पाहाण्यासाठी मुद्रण करणे हा गुन्हा नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्नेने आपल्या जुन्या व्यंगपटांची घरगुती फितींची माला सुरू केली, आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत ज्या यंत्राला ते चोर म्हणत होते त्याच यंत्राने त्यांची तिजोरी भरली. न्यायालयात हरणे इतके फायद्याचे क्वचितच कोणाला झाले असेल.

आपल्याकडे ही यंत्रे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास, रंगीत दूरदर्शनबरोबर, दिसू लागली. विदर्भातल्या खेड्यांत ती विकत कोण घेणार? ती भाड्याने येत. ‘व्हिडिओ आणला’ हा वाक्प्रचार त्या काळात बोलीत रुजला, आणि त्याचा अर्थ गणपतीत वर्गणी काढून तालुक्याच्या गावाहून रंगीत टीव्ही, यंत्र आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीपुरत्या आणल्या, असा होई. चौकात सतरंजी, पुढे मुले, मागे बाया, कडेला उभे पुरुष. त्या तीन-चार कॅसेटींत पोरांच्या हट्टाखातर एखादी कार्टूनची आली तर आली. खरा प्रसार झाला तो नंतर, व्हीसीडीच्या तबकड्या स्वस्त झाल्या तेव्हा. एका तबकडीवर सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचे चित्रण मावते. मोठा हिंदी चित्रपट घ्यावयाचा तर दोन-तीन तबकड्या लागत. मांजर-उंदराची दहा चित्रे एकीवर बसत. शिवाय भारनियमनाचे दिवस होते. तीन तासांचा चित्रपट लावावा तर नायिका संकटात सापडली असतानाच वीज जाणार; सात मिनिटांचे एखादे चित्र तरी पुरे होते. आठवडी बाजारात भाजीच्या पालाशेजारी प्लास्टिकच्या पाकिटांत या तबकड्या मिळत. त्यांतील बहुतेक चोरीच्या नकला असत, हेही येथे सांगून टाकले पाहिजे.

१९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘जंगल बुक’ने आणि १९९५ साली सुरू झालेल्या कार्टून नेटवर्कने या आवडीला बळ दिले. त्या ‘जंगल बुक’मधील शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा होता, जपानी चित्रकारांचा वाघ, इंग्रज लेखकाची कथा, सिवनीच्या टेकड्यांचे जंगल, आणि डरकाळी मुरूड-जंजिऱ्याकडची! परंतु दूरदर्शन ठरलेल्या वेळी लागे. तबकडीचे तसे नव्हते. ती हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा लावता येई, आणि मुले तिच्यावर ओरखडे पडून ती अडकू लागेपर्यंत लावीत.

हे ‘पुन्हा पुन्हा’ हेच या विषयाचे मर्म आहे, असे मला वाटते. मोठ्या माणसाला पुढे काय होणार याची उत्सुकता असते. ती संपली की त्याचे पुस्तक मिटले. लहान मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच आनंद असतो. उंदीर आता बिळातून डोकावेल, आता दार आपटेल, हे ते आधीच सांगते आणि तसे झाले की टाळ्या पिटते. पण यात मुलांना हसण्याचे कारण नाही. आपली सगळी जुनी करमणूक अशीच होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे धरून रामायणातली कथा गाऊन सांगत. शेवटी काय होणार हे न ठाऊक असलेला श्रोता त्या गावात सापडला नसता. कीर्तनातले आख्यान आपण ऐकतो ते प्रल्हाद वाचतो की नाही हे कळावे म्हणून नव्हे. छापील कादंबरी आणि तीन तासांचा चित्रपट यांनी मधल्या काळात आपल्याला ‘एकदा पाहिले, झाले’ अशी सवय लावली. घरच्या पडद्याने, अजाणता, जुनी सवय परत आणली. आणि त्या सवयीला तोलून धरील इतकी घट्ट विणलेली वस्तू म्हणून हे जुने कार्टून हाती आले. वर म्हटले की त्यात योगायोग काहीच नाही. म्हणूनच विसाव्या वेळीही त्यात काही सापडते. तबकडी मधेच थांबविली की कधी एकाच उंदराला दोन डोकी आणि सहा पाय दिसतात. वेग दाखविण्यासाठी चित्रकाराने ते तसे फराटल्यासारखे काढलेले असतात आणि चालत्या चित्रात ते कधीच दिसत नाहीत. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला हे कळावयास मार्ग नव्हता. घरच्या मुलाला ते बटन दाबून कळले, आणि त्यांतल्या काहींनी मग वहीच्या कोपऱ्यांवर चित्रे काढून पाने फुर्रकन उलटण्याचा खेळ सुरू केला.

या चित्रांत सारेच निर्दोष आहे असे मात्र नाही. त्या काळच्या अमेरिकेतील निग्रो मोलकरणीचे, काळ्या माणसांचे जे चित्रण त्यांत आहे ते आज पाहावत नाही. पुढे तबकड्या काढताना कंपनीने प्रारंभी तसे स्पष्ट सांगण्याची प्रथा पाडली, हे योग्य झाले. आपल्याकडे बाजारातल्या तबकड्यांवर अर्थातच असे काही नसे, आणि पाहाणाऱ्याला त्यातले काही उमगतही नसे. मारामारीबद्दल मला तितकीशी चिंता वाटत नाही. भिंतीवर आपटून पापड झालेले मांजर पुढच्याच क्षणी उभे राहाते, आणि मांजर खरोखरीचे असे उभे राहात नाही हे खेड्यातल्या पोराला शहरातल्यापेक्षा अधिक चांगले माहीत असते. जेवताना मोबाईल लागतो ही तक्रार खरी आहे. पण ती मोबाईलची आहे.

मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ही कला आपल्याकडे उशिरा आली असती तर गोष्ट निराळी. पण ती फार लवकर आली. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून तो अंकुर पडद्यावर पाहाता पाहाता वेल होताना दाखविला. चौकट चौकट करून चित्र घेणे, हेच तर कार्टूनचे मूळ. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काढली. आगपेटीतल्या काड्या त्यात जिवंत होऊन हलत. फ्रान्समध्ये एमिल कोल याने असा प्रयोग १९०८ साली केला होता. म्हणजे आपण जगाच्या मागे होतो ते अवघी सहा-सात वर्षे. १९३४ साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हे कार्टून काढले. मांजर-उंदराच्या जन्माला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता.

फाळक्यांच्या त्या आगकाड्या आज पाहावयास मिळत नाहीत. जुन्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या दारूच्या भाऊबंद; पुण्याला प्रभातच्या जुन्या आवारात जपून ठेवलेल्या अशा कितीतरी फिती २००३ सालच्या आगीत गेल्या. आगीला दोष देता येतो. परंतु विदेशांतही कोठारांना आगी लागल्या. तेथील चित्रे वाचली, कारण त्यांच्या प्रती जगभर, घरोघर पसरलेल्या होत्या. आपल्या चित्रांची एकेक-दोनदोन प्रतींची मिरास होती, आणि ती कोणाच्या घरी कधी गेलीच नाही.

पुढे १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा स्वतंत्र विभाग निघाला. डिस्ने यांच्याकडे ‘बॅम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवावयास आले, आणि १९५७ साली जातककथेवरून ‘द बनियन डिअर’ हे हरणाचे चित्र तयार झाले. त्यानंतर तेथे अनेक चांगली चित्रे निघाली. ती चित्रपटगृहांत मुख्य चित्रापूर्वी सक्तीने दाखवीत. आणि त्या वेळात प्रेक्षक बाहेर चहा घेत, हे आपल्याला ठाऊक आहे. घरी नेण्याजोगी ती झाली नाहीत. बाजारातल्या प्लास्टिकच्या पाकिटांत ती चोरूनसुद्धा कोणी विकली नाहीत. आणि यापेक्षा मोठे दुर्दैव चित्राला दुसरे नाही.

अपवाद एक सांगतो. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हे सुमारे सात मिनिटांचे चित्र काढले. मुळेबाई मुंबईच्या, चित्रांकन भीमसेन यांचे, संगीत आपल्या वसंत देसाईंचे. पारध्याचे जाळे घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची आणि ते कुरतडणाऱ्या उंदरांची जुनीच गोष्ट त्यात आहे. पैसा थोडा, चित्रे थोडी, हालचाल साधी. मांजर-उंदराच्या शेजारी ठेवले तर कारागिरीत ते मागे पडेल. तरीही ज्यांचे बालपण १९७५ ते १९९५ च्या दरम्यान गेले त्यांच्यापैकी कोणासमोर त्याचे नाव काढा. तो माणूस गाऊ लागेल. याचे कारण असे की दूरदर्शनने ते वर्षानुवर्षे, कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या जागी, शेकडो वेळा लावले. व्हिडिओ नसलेल्या घरांचा तो व्हिडिओच होता.

फिल्म्स डिव्हिजनचे काम २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे देण्यात आले. तिच्या जुन्या चित्रांपैकी पुष्कळशी आता इंटरनेटवर फुकट पाहाता येतात आणि मोबाईलवर उतरविता येतात. तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना माझी एक सूचना आहे. पुढल्या वर्षी एक संध्याकाळ व्याख्यानाला सुट्टी द्यावी. प्रोजेक्टर एखाद्या शाळेतून मिळेल, भिंत पांढरी असली की झाले. हरणाचे चित्र, पक्ष्यांचे चित्र आणि पियानो वाजविणारे मांजर, अशी तीन ओळीने लावावीत. अर्ध्या तासात आटोपेल. मुलांना पुढे बसवावे. कार्यक्रम संपला की त्यांना विचारावे, यांतले कोणते पुन्हा लावू. आणि ते सांगतील ते, रात्र फार झाली नसली तर, पुन्हा लावावे.